चुटकीचं खोबरं चेंबरात

वच्छीआत्याचं घर नवं. भिंती नव्या, दार नवं, फोनसुद्धा नवा. पण फोनला तारच नाही. मग काय, बसला मुका.

म्हणून आले गेनबाकाका. आधी नारळ फोडला, मग चर खणला. चर म्हणजे लांबच लांब खड्डा, रस्त्यापासून थेट घरापर्यंत. चरात घातला काळा पाइप. मधे फाटकापाशी बांधलं चेंबर. चेंबर म्हणजे जमिनीतली विटांची पेटी. पाइप एकीकडून चेंबरात यायचा, दुसरीकडून घरात जायचा. मग पाइपावर माती लोटली. थप थप थप. झालं काम. काका खूश.

काकांनी खोबरं वाटलं. एक तुकडा आत्याला, एक स्वतःच्या खिशात, आणि एक चुटकीला. चुटकी कोण? घराखालची उंदरी. टीचभर. पण नारळ फोडला की उंदरालासुद्धा वाटा द्यायचा, ही काकांची रीत.

चुटकी बसली चेंबराच्या काठावर. खोबरं हुंगलं. खोबरं निसटलं. टप्प! गेलं चेंबरात. तेवढ्यात काकांनी लोखंडी झाकण टाकलं. धडाम!

चुटकीला रडूच आलं. एक घाससुद्धा खाल्ला नव्हता हो बिचारीनं.

मग चुटकी म्हणाली, "झाकणा झाकणा, उघड ना. खोबरं मिळेना."

झाकण म्हणालं, "मी नाही उघडायचं. काकांनी उचललं तर उघडीन."

चुटकी गेली काकांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"काका काका, झाकण उचला ना. झाकण उघडेना, खोबरं मिळेना."

काका म्हणाले, "मी नाही उचलायचो. चहा मिळाला तर उचलीन."

चहाशिवाय काकांच्या हाताला जोर नाही. असं काका म्हणतात. आपण कशाला बोला.

चुटकी गेली आत्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"आत्या आत्या, चहा कर ना. काका उचलेनात, झाकण उघडेना, खोबरं मिळेना."

आत्या म्हणाली, "मी नाही चहा करायची. फोन वाजला तर करीन."

आता चहाला फोन कशाला? ऐका तर. आत्याची साखर सापडेना. सगळं सामान बांधलं तिच्या लेकीनं, मंदीनं. बांधलं आणि गेली सासरी. साखर कुठं आहे, ते एकट्या मंदीला ठाऊक.

चुटकी गेली फोनकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"फोना फोना, वाज ना. आत्या चहा करेना, काका उचलेनात, झाकण उघडेना, खोबरं मिळेना."

फोन म्हणाला, "मी नाही वाजायचो. तार आली तर वाजेन."

तार होती रस्त्याकडे, खांबापाशी. गोल गोल वेटोळं करून लोळत होती. चुटकी गेली तारेकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"तारे तारे, ये ना. फोन वाजेना, आत्या चहा करेना, काका उचलेनात, झाकण उघडेना, खोबरं मिळेना."

तार म्हणाली, "मी नाही यायची. दोरीनं ओढलं तर येईन."

आणि दोरी कुठं? काकांच्या पिशवीत. ढाराढूर झोपलेली. चुटकी गेली दोरीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"दोरी दोरी, ओढ ना. तार येईना, फोन वाजेना, आत्या चहा करेना, काका उचलेनात, झाकण उघडेना, खोबरं मिळेना."

दोरी म्हणाली, "मी नाही ओढायची. पाइपातून कुणी नेलं तर ओढीन."

हे काकांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. आधी पाइपात दोरी ओवायची, मग माती लोटायची. काकांनी माती लोटली, दोरी राहिली पिशवीत! आता सगळा चर पुन्हा उकरायचा? आणि आत्याला कळलं तर? मग चहा विसराच.

काका हळूच म्हणाले, "चुटके, तू मावशील का गं पाइपात?"

"मावेन. पण खोबरं?"

"तुझंच, बाई. ने एकदा दोरी."

काकांनी बारीक दोरीचं एक टोक तारेला बांधलं, दुसरं चुटकीच्या शेपटीला. चुटकी रस्त्याकडून शिरली पाइपात. सुर्रर्र! आत अंधार गुडुप. चुटकी जरा घाबरली. पण सरकली. सर सर सर. आणि पाइप उघडला कुठं? चेंबरात! समोर काय? खोबरं!

तिला काय माहीत, पाइप इथं येतो म्हणून! तिथंच बसून खाल्लं का तिनं? छे. खोबरं दाबलं गालात, आणि शिरली पुढच्या पाइपात. सर सर सर. निघाली थेट फोनखाली.

मग काय!

काका लागले दोरी ओढायला. चहा नसताना जोर कुठून आला, ते विचारू नका. दोरीनं तार ओढली. तार फोनला लागली. फोन वाजला. ट्रिंग ट्रिंग! मंदी म्हणाली, साखर कुकरात आहे. आत्यानं चहा केला. काका चहा प्यायले. फुर्र फुर्र! काकांनी झाकण उचललं. झाकण उघडलं.

आत बघतात तर काय? खोबरंच नाही!

काकांनी डोकं आत घातलं. पाय वर. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. नाहीच. काका हिरमुसले. म्हणाले, "अरेरे, बिचारीचं खोबरं गेलं." आणि खिशातला आपला तुकडा काढून चुटकीला दिला.

चुटकी काहीच बोलली नाही. बोलणार कशी? तोंड भरलेलं. तिनं तो तुकडा घेतला, दुसऱ्या गालात दाबला, आणि पळाली घराखाली. तुरुतुरु तुरुतुरु.

कुरुम कुरुम. कुरुम कुरुम.

काका अजून चेंबरात शोधतायत. तुम्ही सांगू नका हं त्यांना.