देवीचं दूध आणि भिंगाची नळी

सगुणाबाईंनी एका चातुर्मासात नेम धरला होता : स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाच्या दुधाला पाणचट म्हणायचं नाही. पंधरा दिवस कसेबसे निभले. मग त्या नवऱ्याला, लखोबांना, म्हणाल्या, "अहो, एवढी भिंगं घासता, तर दुधातलं पाणी दिसेल असं काहीतरी करा. जिभेला फार त्रास होतोय माझ्या."

लखोबांनी नळी केली. दोन्ही टोकांना भिंग, मध्ये दूध. दूध निर्मळ असेल तर पलीकडची काळी रेघ दिसत नाही. पाणी घातलेलं असलं की लख्ख दिसते. तशी नळी दुसऱ्या कुणी करू नये म्हणून दोघं राजाकडे सनद मागायला गेली.

देवीच्या नैवेद्याच्या दुधाचा मक्ता होता दिवाणजींच्या मेहुण्याकडे. दिवाणजी लगबगीने म्हणाले, "महाराज, नळी लागली तर देवीचं दूध उष्टं होईल."

राजा हट्टी. "ठरलं मग. दुधाच्या थेंबालाही न लावता नळी खरी करून दाखवा. उद्या सकाळपर्यंत. नाही जमलं तर सनद दिवाणजींच्या नावे."

दिवाणजींनी मान खाली घातली. मिशीतलं हसू दिसू नये म्हणून.

लखोबा पुटपुटले, "चाखल्याशिवाय आमटीचं मीठ कसं सांगणार?"

दिवाणजी दरबारातून निघून गेल्यावर सगुणाबाई पुढे झाल्या. "महाराज, नळी नाही लावत. दवंडी पिटवली तर चालेल?"

"कसली?"

"उद्या देवीचं दूध नळीने तपासणार, एवढीच."

राजाने होकार दिला आणि गावभर दवंडी पिटली. रोज देवळात पन्नास घागरी दूध यायचं. दुसऱ्या सकाळी आल्या तीस. मेहुणा उपरण्याने घाम पुसत म्हणाला, "गाई आटल्या, महाराज."

"वीस घागरींनी? एका रात्रीत?"

"ऊन फार आहे, महाराज."

राजाने सगुणाबाईंकडे पाहिलं. "बाई, तुमची नळी कुठे आहे?"

"घरी, फळीवर."

"मग हे झालं कसं?"

"गाई नाही आटल्या, महाराज. यांची विहीर आटली!"

राजा इतका हसला की पगडी कानावर आली. लखोबांना सनद मिळाली. तीत 'दुधाला न लावताही चालणारी नळी' असं खास लिहवून घेतलं. सगुणाबाईंना वासरासह दुभती गाय मिळाली. दिवाणजींना रोज पहाटे घागरी मोजायचं काम मिळालं.

बायांनो, दूध तुमच्याही दारी येतं. उद्या ओट्यावर एखादी चकचकीत नळी ठेवा, कसलीही चालेल, आणि गवळ्याकडे बघून नुसतं गोड हसा.