एकही घर रिकामे नको

राणीमाशी पोळ्यातल्या एका घरात डोकावली आणि अंडे न घालताच पुढे निघून गेली. घडले ते एवढेच. पण मुलांनो, तिच्या मागून चालणारी तरुण दाईमाशी तेवढ्यानेच घाबरली. जंगलातल्या एका जुन्या अर्जुनाच्या झाडाच्या ढोलीत हे पोळे होते आणि तिथल्या अळ्यांना भरवण्याचे काम या दाईकडे होते. ती स्वभावाने भित्री. ढोलीवर सुकलेले पान पडले तरी दचकायची. तिने वाकून त्या घरात पाहिले. अंडे असायचे तिथे काठोकाठ मध होता. शेजारच्या घरात मध, त्याच्या शेजारीही मधच.

त्या पोळ्याचा एक रिवाज होता. दिवस मावळताना एकही घर रिकामे दिसता कामा नये. कोठी सांभाळणारी थोरली माशी रोज फेरी मारी आणि मोकळ्या दिसेल त्या घरात मध ओतायला लावी. यंदा जांभळाला बहर असा काही आला, की वरची कोठी भरून मध खाली अंड्यांच्या घरांत उतरला होता.

"कोठीताई, मधली घरं तरी मोकळी सोडा ना," दाई काकुळतीला येऊन म्हणाली. "राणीआईला अंडी घालायला जागाच नाही उरली. आणि खालच्या कडेला कुणीतरी राणीघर बांधायला घेतलंय, भुईमुगाच्या शेंगेसारखं, तोंड खाली केलेलं. जुन्या माश्या सांगायच्या, जागा संपली की नवी राणी वाढवायला घेतात आणि जुनीला घेऊन निम्म्याहून जास्त माश्या उडून जातात. पोळं फुटणार आहे, ताई! मागे राहिलेल्या अळ्यांचं काय होईल?"

"परवा पान पडलं तेव्हाही 'पोळं बुडालं' म्हणून तूच बोंबललीस," कोठीताई म्हणाली. "भरल्या घरात बसून कसली गं रडतेस? उपाशी पोळ्यात जन्मली असतीस म्हणजे कळलं असतं!"

आजूबाजूच्या माश्या खुदकन हसल्या. दाई मान खाली घालून परतली खरी, पण तिचे डोळे काही स्वस्थ बसेनात. दुसऱ्या दिवशी भर उन्हात ढोलीच्या तोंडाशी माश्यांचा घोसच्या घोस लोंबकळताना तिला दिसला. एकीच्याही पायाला परागाचा कण नव्हता. तिने दारावरच्या पहारेकरणीला विचारले, तर ती म्हणाली, "उकडतंय, वारा खाताहेत बिचाऱ्या. तुला काय त्याचं?"

"वारा खायला एवढ्या जणी? मग रानात कोण गेलंय?"

"तू जा की! जाता जाता वाटेत पान पडेल हो, जपून!"

संध्याकाळी दाईने राणीला पाहिले आणि ती जागीच थबकली. राणीचे भरदार पोट पार आत गेले होते.

"राणीआई, तुम्हाला कुणी भरवत नाही का?"

"उडायचं तर हलकं व्हायला हवं म्हणतात, बाळ," राणी हळूच म्हणाली. "मी नावाची राणी. मला कुठे कोण विचारतं?"

मग मात्र दाईने धीर एकवटला आणि खालच्या कडेचे राणीघर एकटीनेच जबड्याने कुरतडून पाडले. सकाळी उठून पाहते तर त्याच्या जागी तीन नवी राणीघरे उभी! ती पोळेभर ओरडत फिरली. "अजून वेळ आहे, थोडी घरं रिकामी करा गं!" कुणी वळूनसुद्धा पाहिले नाही.

तीन राणीघरांची तोंडे मेणाने बंद झाली त्याच दिवशी, ऊन चढता चढता, पोळ्यात एकाएकी घोंगावणे उठले. माश्या पोटभर मध पिऊन दाराकडे धावू लागल्या. सगळ्यांत पुढे कोठीताई होती. "भर पोट आणि नीघ!" ती दाईला ओरडून म्हणाली.

"अहो, या अळ्यांना कोण भरवील?"

कोठीताई तोवर दाराबाहेर पडली होती. पहारेकरणीही दार टाकून गेली. राणीला मध्ये घेऊन सारा थवा झाडांच्या शेंड्यांवरून दिसेनासा झाला.

मागे उरल्या मूठभर माश्या. काही पंख झिजलेल्या, काही आजच जन्मलेल्या. नवी राणी अजून मेणाआड निजली होती. मुलांनो, माश्यांचे पांघरूण असते तोवरच पोळे जपले जाते. उघडे पडलेले मेण म्हणजे मेणपतंगाला आमंत्रण. तो भेगेत अंडी घालतो आणि त्याची पिल्ले मेण पोखरत पोखरत अळ्यांपर्यंत पोचतात. या उरलेल्या माश्यांना निम्मे पोळेही झाकता येईना. दाई या घरातून त्या घरात धावत होती. एका अळीला भरवावे तर पलीकडच्या दहा उघड्या पडत.

उन्हे कलली तशी ती खालच्या कडेवर आली आणि अंधाऱ्या दाराकडे तोंड करून ओरडली, "दारावर कुणी आहे का?"

ती दाराकडे आणखी दोन पावले सरकली.

"अगं, कुणीतरी या! मी एकटी आहे इथे!"

"आले हं," दारातून मऊ, लाघवी आवाज आला, आणि राखी पंख मिटून मेणपतंगीण आत सरकली.

तात्पर्य : सावध करणारीची हाक घरच्यांनी वेळीच ऐकली नाही, तर शेवटी ती ऐकायला वैरीच उरतो.