चौथी भेग

जपानमधल्या एका डोंगराळ गावात योहेई नावाचा कारागीर राहत होता. फुटलेली भांडी तो झाडाच्या चिकाने सांधायचा आणि सांध्यांवर सोन्याची पूड बसवायचा. "भेग दिसू देऊ नकोस," असं कोणी म्हणालं, तर तो भांडं परत करायचा. "फुटलं ते फुटलं. त्यात लपवायचं काय?" असं ठणकावून सांगायचा.

त्याची कीर्ती राजापर्यंत पोहोचली. राजाचा आवडता वाडगा फुटला होता. "आधी त्या माणसाचं काम बघ. पसंत पडलं तरच वाडगा त्याच्या हाती दे," असं सांगून राजाने कारभाऱ्याला पाठवलं.

योहेईने दाखवायला गावातल्या ओत्सुने नावाच्या आजींचा वाडगा निवडला. तो त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचा होता. त्यावर आता तीन सोनेरी रेघा झळकत होत्या. पण कारभारी यायच्या दिवशीच, वाडगा फळीवर मांडताना योहेईचं कोपर लागलं आणि काठाचा एक टवका उडाला.

चीक वाळायला कित्येक दिवस लागतात. घाबरून योहेईने भाताच्या खळीने टवका चिकटवला आणि वरून वाडग्याच्याच रंगाचा हात फिरवला. भेग दिसेनाशी झाली.

"आजींनी विचारलं तर मांजराने पाडला म्हणा," बायको म्हणाली.

"आपल्याकडे मांजर कुठे आहे?"

"मग बोलूच नका. दिसतंय कोणाला?"

दुपारी कारभारी आला. वाडगा न्यायला आजीही आल्या. कारभाऱ्याने वाडगा फिरवून फिरवून पाहिला आणि खूश होऊन आजींच्या हातात दिला.

"माझ्या म्हाताऱ्याचा वाडगा जपलास रे बाबा," आजी म्हणाल्या.

योहेईला राहवलं नाही. त्याने ओल्या फडक्याने काठावरचा रंग पुसून टाकला.

"आजी, इथे चौथी भेग आहे. ती माझी. सकाळी माझं कोपर लागलं."

"इतकी वर्षं गावाच्या भेगा मिरवल्यास. स्वतःची तेवढी रंगवलीस होय?" आजी म्हणाल्या.

"चुकलं, आजी. हीसुद्धा सोन्याने भरून देतो."

कारभाऱ्याच्या कपाळावर आठी पडली. "आणि उद्या राजाच्या वाडग्याला तुझं कोपर लागलं तर?"

"तर ते तुम्हाला सगळ्यात आधी माझ्याकडूनच कळेल."

कारभाऱ्याने राजाच्या वाडग्याची रेशमी पुरचुंडी योहेईसमोर सरकवली.

"आधी आजींचं काम पुरं कर," तो म्हणाला. "राजा थांबेल."

तात्पर्य: आपल्या हातून झालेली चूक जो आपणहून सांगतो, त्याच्या हाती लोक आपली मोलाची वस्तू निर्धास्तपणे सोपवतात.