चाळीस दिवसांची मजुरी

एका राज्यात माणसं भारी मानी होती. फुकटचा घास त्यांच्या घशाखाली उतरत नसे, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

त्या राज्यावर कालकेतू मांत्रिकाने पिवळा ताप सोडला. तो श्वासावर बसून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाई. राजा धवलसेनाने दवंडी पिटवली, की चाळीस दिवस कुणीही उंबरा ओलांडू नये. ताप ओसरू लागला. पण विणकरांचे माग घराबाहेर, सामाईक मागशाळेत होते; ते बंद पडले, आणि आठव्या दिवशी त्यांच्या चुली विझल्या.

राजाने खजिना उघडायचं ठरवलं. दाराशी राखणीला एक बोलका भारद्वाज पक्षी होता. तो म्हणाला, "राजा, मांत्रिकाने या खजिन्याला शाप दिला आहे. दार तीनदाच उघडेल. सोनं काय म्हणून नेतोस ते सांग. शब्द चुकला, की सोनं गेलं."

"दान," राजा म्हणाला. विणकरांच्या दारी पोचेपर्यंत मोहरांचा कोळसा झाला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "कर्ज." मोहरांचे विंचू झाले. राजा मनाने भला, पण आपली प्रजा त्याला अजून कळली नव्हती, हे सांगायलाच हवं.

तेव्हा विणकरांची म्होरकी रेवाक्का राजवाड्यासमोर बारा हातांचं अंतर राखून येऊन उभी राहिली. उद्यापासून आम्ही मागावर बसणार, असं तिने सांगून टाकलं. उपाशी मरण्यापेक्षा काम करता करता तापाने मेलेलं बरं.

"तुम्ही बाहेर पडलात, तर ताप पुन्हा नगरभर फिरेल," राजा म्हणाला.

"ठाऊक आहे, महाराज. म्हणूनच आमची दोनशे माणसं आठ दिवस हात बांधून बसली. माग चालवणं सोपं, हे अवघड."



"अक्का," तो म्हणाला, "म्हणजे आठ दिवस तुम्ही राज्याचंच काम करत होतात."

तिसऱ्यांदा दार उघडलं. राजा म्हणाला, "मजुरी." सोनं सोनंच राहिलं. शाप तुटला आणि भारद्वाज राखण सोडून उडून गेला. दारोदार चाळीस दिवसांची मजुरी पोचली, मागून धान्याच्या गाड्या फिरल्या, चुली पेटल्या. विणकरांनी मोहरा ताठ मानेने घेतल्या आणि दारं लावली. तापाला श्वास मिळेना. सदतिसाव्या दिवशी तो वेशीपाशी मरून पडला.

दुसऱ्या दिवशी नगरात माग खडखडू लागले. रेवाक्का राजवाड्यात आली आणि उरलेल्या तीन दिवसांच्या मोहरा तिने राजापुढे ठेवल्या. ते दिवस आम्ही घरी बसलो नाही, तेव्हा त्यांची मजुरी आमची नाही, म्हणाली.

राजाने त्या दोन्ही हातांनी घेतल्या. राहू द्या म्हणाला असता, तर ते दान झालं असतं.