उसनी मिरी

जहाजं शिडांवर चालत आणि मिरीला सोन्याचा मान होता, त्या काळची ही गोष्ट. एका बंदरात चंद्रावळ नावाची एक व्यापारीण मिरीचं छोटं दुकान चालवायची. तिचं माप चोख होतं आणि बोलणं रोखठोक.

एका वर्षी मिरीची गलबतं यायला उशीर झाला. धोंडशेट नावाच्या बड्या व्यापाऱ्यानं ही संधी साधली. बंदरातली बरीचशी मिरी त्यानं आपल्या वखारीत कोंडली आणि आवई उठवली, "गलबतं बुडाली!" लोकांचं धाबं दणाणलं. दहा मोहरांचं पोतं बघता बघता वीस मोहरांना गेलं.

चंद्रावळला काही हे पटेना. दक्षिणेकडून होडी वल्हवत आलेल्या एका तांडेलाला तिनं विचारलं. तो म्हणाला, "बुडतात कशाला? खालच्या खाडीत उभी आहेत, वारा फिरायची वाट बघत. मी डोळ्यांनी पाहिली."

चंद्रावळ तडक बाजारात गेली. "हा भाव खोटा आहे! घाई करू नका!" ती ओरडून सांगू लागली.

धोंडशेट हसला. "एवढी खात्री आहे, तर नुसती बोलतेस काय? करून दाखव."

"दाखवते की! तुमचीच दहा पोती मला उसनी द्या. आज ती वीसच्या भावानं विकते. गलबतं आली की भाव पडेल, तेव्हा स्वस्तात दहा पोती घेऊन तुमची तुम्हाला परत. मधला फरक माझा."

"घेऊन जा. पण पोत्यामागे भाडं द्यायचं, आणि मी मागेन त्या दिवशी पोत्याला पोतं परत करायचं. तारण म्हणून दुकान लिहून दे."

चंद्रावळनं ते मान्य केलं.

तिचा नवरा केरोबा होड्या बांधायचा. त्याला हे कळलं तेव्हा हातातला रंधा ठेवून तो म्हणाला, "अगं, आपण विकत घेतलेली मिरी कुजली तर घातलेले पैसे जातात, पुढे काही नाही. पण उसना माल विकलास, तर तो परत करायला मिळेल त्या भावानं घ्यावा लागेल. भाव कुठवर चढेल, कोणी सांगावं?"

"मी खरी आहे," चंद्रावळ म्हणाली.

"आहेस ना. पण वारा तुझं ऐकतो का?"

दहा पोती विकली गेली आणि भाव उतरायचा सोडून पंचवीसवर गेला. धोंडशेटचीच माणसं गुपचूप खरेदी करत होती. पेठेत लोक तिला हसू लागले. ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं. तिथंच थांबायचं, तर तिनं धोंडशेटकडून आणखी चाळीस पोती उसनी उचलली आणि तीही विकून टाकली.

भाव चाळीसला भिडला, आणि त्याच सकाळी धोंडशेट तिच्या दारात उभा राहिला. "माझी पोती आण. आजच."

चंद्रावळ अख्खी पेठ फिरली. मिरी कुणाकडेच नव्हती. होती ती फक्त धोंडशेटच्या वखारीत. त्याचीच पोती त्याच्याकडून चाळीसला घ्यायची आणि त्यालाच परत करायची!

धोंडशेट गोड आवाजात म्हणाला, "एक वाट आहे. चावडीवर उभी राहा आणि सांग, गलबतं बुडाली, मी खोटं बोलले. मग पोती दे सावकाश."

तिनं पेठेकडे पाहिलं. आयाबाया घरातली भांडी मोडून त्याच्या वखारीतून चिमूटभर मिरी नेत होत्या. आपण असं सांगितलं तर उद्या त्या अंगावरचं डोरलंही मोडतील, हे तिला दिसलं.

"दुकान घ्या," ती म्हणाली. "या पाटल्या घ्या. पोत्याला पोतं चुकतं करते. पण माझी जीभ तुमच्याकडे तारण नव्हती, शेट!"

दुकान गेलं. पाटल्या गेल्या. पन्नासच्या पन्नास पोती वखारीत परत पडली.

चार दिवसांनी वारा फिरला आणि शिडं फुगवून गलबतं धक्क्याला लागली. मिरी सहा मोहरांवर आली. धोंडशेटच्या वखारीतल्या मालाला कुणी विचारेना.

लोक चंद्रावळकडे धावले. "तूच खरी होतीस गं!"

"खरी होते," ती म्हणाली. "पण चार दिवस आधी खरी होते, आणि तेवढे चार दिवस काढायची माझी ऐपत नव्हती. पहिल्या दहा पोत्यांवर थांबले असते, तर निभावलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून ती टोपली घेऊन धक्क्यावर मिरी विकायला बसली. टोपली लहान होती, पण माल स्वतःचा होता. धोंडशेट समोरून चालला होता. त्यानं कुत्सितपणे विचारलं, "काय गं, जिरली का खुमखुमी?"

चंद्रावळनं मान वर केली. "खोट्या भावाला खोटा म्हणायची? ती नाही जिरायची. उद्या पुन्हा आवई उठवा, पुन्हा इथंच उभी राहून ओरडेन. फक्त पुढच्या वेळी उसन्या पोत्यांवर उभी राहणार नाही!"

आणि तिनं खणखणीत आवाजात हाळी दिली, "मिरी घ्या मिरी! सहाच्या भावाची मिरी!"

तात्पर्य: भाव खोटा आहे हे ओळखता येतं, पण तो कधी पडेल हे आपल्या हाती नसतं. उसना माल विकणाऱ्याच्या नफ्याला कुंपण असतं, तोट्याला नसतं. म्हणून खरं बोलताना कचरू नये, पण पैज आपल्याला झेपेल तेवढीच लावावी.