'जातो' आणि 'येतो'

"मग मी इथला कसा, बाबा?"

पाळकबाबा ख्रिस्ती देवळापुढच्या अंगणात सडा घालत होते. हात थांबला नाही.

विचारणारा शांतवन. त्यांच्याच हाताखाली शास्त्र शिकलेला. खांद्याला पिशवी, पायांत कोऱ्या वहाणा. घरदार सोडून दूरच्या डोंगरावरच्या आश्रमात निघाला होता... कायमचा.

"तुम्हीच शिकवलंत ना? आपण स्वर्गाच्या राज्याचे. इथे नुसते वाटसरू."

"शिकवलं खरं."

"मग आईला सांगा तेवढं! फाटक अडवून उभी आहे. मी 'जातो' म्हणालो, तर सोडेना. म्हणते, 'येतो' म्हण."

फाटकातून सगुणाबाईंचा आवाज आला, "हो, म्हणतेच! 'जातो' म्हणून कुणी घराबाहेर पडतं का, बाबा? सांगा तुमच्या राजपुत्राला."

शांतवनची मान ताठ झाली.

"राजपुत्रच आहे मी. राजाच्या लेकराने परक्या मुलखात 'परत येतो' कशाला म्हणायचं? खोटं बोलू?"

"राजाघरचा ना तू?" सगुणाबाईंचीही मान काही कमी ताठ नव्हती. "मग आईचा निरोप तरी राजाघरच्यासारखा घे!"

बाबांनी ओंजळभर पाणी शिंपडलं... नेमकं कोऱ्या वहाणांवर.

"अहो बाबा!"

"सरक जरा. तेवढी जागा कोरडी राहिली."

शांतवन सरकला. वहाणा झटकत म्हणाला, "परक्या मुलखातल्या अंगणाला एवढा सडा! असं कोण यायचंय?"

बाबांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं.

"प्रभूची प्रार्थना म्हणतोस ना रोज?"

"एक दिवस चुकवली नाही."

"तिच्यात त्या राज्याला काय म्हणतोस? 'जा' म्हणतोस, की 'ये'?"

"'ये' म्हणतो. 'तुझं राज्य येवो.'"

"कुठे?"

"'जसं स्वर्गात, तसं पृथ्वीवर'... इथेच."

ओल्या मातीचा वास सुटला होता. फाटकाशी सगुणाबाई पदर सावरत उभ्या होत्या.

बाबांनी बादली उचलली आणि शांतवनच्या हातात दिली.

"धर. फाटकापर्यंतचं अंगण राहिलंय."