आबांचा कावळा

आळीतला उघडा नाला झाकावा म्हणून माझे आजोबा, आबा, एकोणीस वर्षं अर्ज करत राहिले आणि गेले. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. घाटावर ताटकळून सगळी आळी थकली होती.

फोटोवाला घेऊन आलेले नगरसेवक तारळेकर पुढे झाले. हात जोडून मोठ्याने म्हणाले, "आबा, नाला झाकतो. शब्द आहे माझा!"

कावळा हललाही नाही.

"इच्छा बरोबर ओळखलीत, साहेब," मी म्हणाले. "पण तुमचा शब्द आबांनी चार निवडणुकांत ऐकलाय. लेखी द्या."

आळी हसली. तारळेकरांना सगळ्यांसमोर लिहून सही करावी लागली. कागद पिंडाशेजारी ठेवला आणि कावळा आला.

"झालं समाधान?" तारळेकरांनी घाम पुसला.

मी कागद उचलला. "आबांचं झालं. आमचं नाला झाकल्यावर."